गिटारची मान किती वाकवायची? लाकडाला करवत लावण्याआधी हे गणित कागदावर करा

इलेक्ट्रिक गिटार बाहेरून बघितली तर अवघड काही वाटत नाही. सतारीसारखा भोपळा नाही, पातळ तबली नाही. पावणेदोन इंच जाडीची भरीव फळी, तिला एक लांब दांडी, तारांखाली चुंबकाचे पिकअप आणि सहा तारा. दारं-खिडक्या आणि किचन ट्रॉली करणाऱ्या सुताराकडं आता राऊटर असतो, ग्राइंडर असतो, खिशातल्या फोनवर हवे तेवढे व्हिडिओ असतात. त्यामुळं बाजारातली गिटार घेण्यापेक्षा घरीच करून बघू, असं म्हणणारे हौशी गावातही निघतात.

फळी छान कापली जाते. पॉलिश चकाचक होतं. वायरिंगही जमून जातं. आणि शेवटी तारा चढवल्या की कळतं, तारा दांडीपासून इतक्या वर राहिल्यात की दाबता दाबता बोटं सोलून निघतील. किंवा उलट, तारा दांडीला चिकटूनच बसल्यात आणि प्रत्येक सुराला खरखर येते. ब्रिजचे स्क्रू पार खालपर्यंत पिळले, पार वरपर्यंत काढले, तरी फरक पडत नाही. महिन्याभराची मेहनत भिंतीला टांगून ठेवायची पाळी येते.

बिघडलेलं असतं एकच माप. नेक अँगल, म्हणजे गिटारची मान तिच्या अंगाशी किती कोन करते ते माप. आणि हे माप नंतर दुरुस्त करणं फार जड जातं, कारण तोवर लाकूड कापलेलं असतं, बऱ्याचदा डिंकानं चिकटवलेलंही असतं.

आधी शब्द समजून घेऊ

गिटारची दांडी म्हणजे नेक. तिच्या वर चिकटवलेली पातळ पट्टी म्हणजे फ्रेटबोर्ड. त्यात ठोकलेल्या धातूच्या आडव्या काड्या म्हणजे फ्रेट; सतारीत ज्याला पडदे म्हणतात तेच, फक्त इथं ते सरकत नाहीत. डोक्याच्या बाजूला तारा जिच्या खाचांतून जातात ती छोटी पट्टी म्हणजे नट. खालच्या अंगाला तारा ज्यावर टेकतात तो ब्रिज, आपल्या सतार-तंबोऱ्याची घोडी. ब्रिजवर प्रत्येक तारेखाली एक छोटा तुकडा असतो, त्याला सॅडल म्हणतात. भरीव फळीला सगळे बॉडीच म्हणतात.

नटपासून सॅडलपर्यंत वाजणाऱ्या तारेची जी लांबी, तिला स्केल म्हणतात. ती मोजायची सोपी रीत अशी: नटपासून बाराव्या फ्रेटपर्यंतचं अंतर घ्यायचं आणि दुप्पट करायचं.

आता प्रश्न. तारा नटवर टेकतात आणि ब्रिजवर टेकतात. मधे त्या फ्रेटच्या अगदी जवळून गेल्या पाहिजेत. बाराव्या फ्रेटपाशी तार आणि फ्रेट यांच्यात दीड ते दोन मिलिमीटर अंतर असलं की वाजवायला सोयीचं पडतं. यालाच वाजवणारे ॲक्शन म्हणतात. ब्रिज बॉडीच्या वर किती उभा आहे त्यावर तारेचं खालचं टोक किती उंच जाणार हे ठरतं. ब्रिज उंच असेल तर फ्रेटबोर्डही त्या उंचीकडं तोंड करून चढला पाहिजे. म्हणून मान मागं कलवावी लागते: डोकं मागं जातं आणि फ्रेटबोर्डची रेघ ब्रिजच्या दिशेनं वर चढते.

म्हणजे नेक अँगल आपण निवडायचा नसतो. तो ब्रिजच्या उंचीतून निघतो. अमुक कंपनी चार अंश ठेवते म्हणून आपणही चार अंश ठेवू, असं करणाऱ्याचं काम हमखास फसतं. आधी ब्रिज हातात घ्यायचा, मग कोन काढायचा, मग लाकूड.

मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. तिथले कारागीर जवारी काढताना घोडीचा माथा कानसेनं थोडा घासतात, तार छेडून ऐकतात, परत घासतात. तारेनं घोडीला हळूच घासून झंकार द्यावा हाच तिथं हेतू असतो. गिटारमध्ये मात्र तार फ्रेटला घासली की तो दोष. काम तितकंच बारीक आहे, पण गिटारमध्ये ते आधी करायचं असतं, लाकूड कापायच्या अगोदर.

गिब्सनलाही हे पहिल्या वर्षी जमलं नव्हतं

अमेरिकेत मिशिगन राज्यातल्या कॅलमाझू गावी गिब्सन कंपनीचा कारखाना होता. १९५२ मध्ये कंपनीनं त्या काळचे गाजलेले वादक लेस पॉल यांच्या नावानं भरीव बॉडीची गिटार बाजारात आणली. सोनेरी रंगाची, वरून घुमटासारखी फुगीर. आज जुन्या गिटारींमध्ये हे नाव सगळ्यात वरच्या रांगेत घेतलं जातं.

पण पहिल्या वर्षीच्या त्या गिटारींची मान फारच कमी कललेली होती, जेमतेम अंशभर. त्यावर बसवलेला ब्रिज लेस पॉल यांच्याच कल्पनेतला, झोपाळ्याच्या दांडीसारखा आडवा बार. तारा या बारच्या वरून जाव्यात अशी त्याची मूळ रचना. मान पुरेशी कललेली नसल्यामुळं तारा वरून घेतल्या की फार उंच राहायच्या. मग कारखान्यानं काय केलं? तारा बारच्या खालून ओढून घेतल्या. तारा खाली आल्या खऱ्या, पण आता बार तारांच्या वर आला. वादक उजव्या तळहाताची कड ब्रिजपाशी तारांवर टेकवून आवाज दाबून वाजवतात. ती सोयच गेली. हात टेकवायला जावं तर मधे लोखंड.

पुढच्याच वर्षी, १९५३ मध्ये, कंपनीनं ब्रिज बदलला आणि मानेचा कोनही वाढवला. पुढं त्याच गिटारवर स्क्रूनं वर-खाली होणारा ट्यून-ओ-मॅटिक नावाचा ब्रिज आला. तो आणखी उंच, म्हणून कोन आणखी वाढला. आजच्या लेस पॉल धाटणीच्या गिटारींत तो साधारण चार-पाच अंशांच्या घरात असतो. ब्रिज बदलला की कोन बदलतो, याचा यापेक्षा चांगला दाखला नाही. मोठ्या कारखान्याला पुढच्या खेपेत चूक सुधारून घेता येते. गावातल्या सुताराकडं लाकूड एकाच गिटारपुरतं असतं.

दुसरा रस्ता: मान वाकवायचीच नाही

कॅलिफोर्नियातल्या फुलर्टन गावात लिओ फेंडर यांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. त्यांना स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती. कदाचित म्हणूनच असेल, त्यांनी गिटारकडं वाद्यापेक्षा जोडकामाची वस्तू म्हणून बघितलं. १९५० मध्ये त्यांनी आणलेल्या गिटारची मान चिकटवलेली नव्हती, चार स्क्रूंनी आवळलेली होती. आणि ती बॉडीशी सरळ, समांतर होती. शून्य अंश.

मग ब्रिजच्या उंचीचं काय? त्यांनी दोन गोष्टी केल्या. ब्रिज बुटका ठेवला आणि मान कलवण्याऐवजी सरळ वर उचलली. फेंडरच्या गिटारमध्ये नेकचं बुड एक इंच जाड असतं आणि बॉडीतली खाच पाच अष्टमांश इंच, म्हणजे बरोबर पाच सूत खोल. त्यामुळं फ्रेटबोर्डचा वरचा पृष्ठभाग बॉडीच्या तीन सूत, साडेनऊ मिलिमीटर वर राहतो. बस्स. कोनाची भानगडच नाही.

पहिलीच गिटार करणाऱ्यानं हाच रस्ता धरलेला बरा. सपाट फळी, सपाट खाच, बुटका ब्रिज, चार स्क्रू. चुकलं तर मान काढून पुन्हा बसवता येते. पण हातात ट्यून-ओ-मॅटिकसारखा उंच ब्रिज आला असेल, किंवा लेस पॉलसारखाच आकार हवा असेल, तर कोन काढल्याशिवाय गत्यंतर नाही. ब्रिजखाली बॉडीत खड्डा करून ब्रिज खाली बसवणं हाही एक उपाय आहे, काही कंपन्या तो करतात, पण नवख्या हाताला ते काम जास्त किचकट पडतं.

मोजायचं काय काय

एक व्हर्निअर कॅलिपर लागेल. हार्डवेअरच्या दुकानात मिळतो, प्लास्टिकचासुद्धा चालेल. सुतारी टेप इथं कामाचा नाही, कारण हे सगळं गणित सुतात नाही तर मिलिमीटरच्या अर्ध्या-पाव हिश्शात चालतं.

पहिलं माप ब्रिजचं. ब्रिज टेबलावर त्याच्या स्क्रूंसकट उभा करायचा. पूर्ण खाली पिळल्यावर सॅडलच्या माथ्याची उंची किती आणि सुरक्षितपणे वर काढता येईल तेवढी उंची किती, दोन्ही लिहून ठेवायच्या. समजा एका ब्रिजची ही उंची १५ ते २० मिलिमीटर आली. या दोन्हींच्या मधली, थोडी खालच्या बाजूची उंची धरायची. उदाहरणासाठी १७ धरू. म्हणजे पुढं दोन मिलिमीटर खाली आणि तीन मिलिमीटर वर करायला जागा राहते. हे आकडे समजावण्यापुरते आहेत. ब्रिजगणिक फरक पडतो, म्हणून हातातला ब्रिज मोजल्याशिवाय पुढं जायचं नाही.

दुसरं माप फ्रेटबोर्डचं. पट्टीची जाडी आणि फ्रेटची उंची मिळून. पट्टी ६ मिलिमीटर आणि फ्रेट १.२ मिलिमीटर धरले तर ७.२.

तिसरं, स्केल. गिब्सन धाटणीचं स्केल ६२८ मिलिमीटरच्या आसपास असतं, फेंडरचं ६४८.

चौथं माप, मान बॉडीला कोणत्या फ्रेटपाशी मिळते. तिथून ब्रिजपर्यंतचं अंतर काढायला प्रत्येक वेळी टेप लावायची गरज नाही. बारावा फ्रेट असेल तर स्केलला ०.५ नं गुणायचं. चौदावा असेल तर ०.४४५, सोळावा असेल तर ०.३९७, सतरावा असेल तर ०.३७५. सोळाव्या फ्रेटपाशी मिळणाऱ्या ६२८ च्या गिटारला हे अंतर ६२८ गुणिले ०.३९७, म्हणजे २४९ मिलिमीटर येतं.

आणि पाचवी गोष्ट, जी बरेच जण विसरतात. तारेची रेघ आणि फ्रेटची रेघ समांतर नसतात. नटपाशी तार फ्रेटच्या रेषेपासून अर्धा मिलिमीटर वर असते, बाराव्या फ्रेटपाशी १.८, आणि तशीच पुढं चढत ब्रिजपाशी पोचते तेव्हा साधारण ३ मिलिमीटर वर असते. बारावा फ्रेट बरोबर मध्यावर असल्यामुळं हे सहज काढता येतं: बाराव्या फ्रेटवरच्या अंतराची दुप्पट करायची आणि नटवरचं अंतर वजा करायचं. १.८ ची दुप्पट ३.६, वजा ०.५, उरले ३.१. म्हणजे सॅडल १७ वर असेल तर फ्रेटची रेघ ब्रिजपाशी १७ वर नाही, १४ वर पोचली पाहिजे. हे तीन मिलिमीटर वजा करायचे राहिले की सगळी गिटार तेवढ्यानं चुकते.

आता गणित

सपाट बॉडी धरू. बॉडीच्या कडेला, जिथं मान मिळते, तिथं फ्रेटबोर्डच्या पट्टीचं बूड बॉडीच्या पृष्ठभागाला टेकलेलं आहे असं धरू. म्हणजे त्या जागी फ्रेटचा माथा बॉडीपासून ७.२ मिलिमीटर वर आहे. ब्रिजपाशी तीच रेघ १४ वर हवी.

१४ वजा ७.२, बरोबर ६.८. म्हणजे २४९ मिलिमीटरच्या वाटेत ६.८ मिलिमीटर चढ हवा.

पत्र्याच्या छपराला उतार देतो तसाच हा हिशेब आहे. इतक्या फुटांत इतके इंच. खरं तर कामाला हा चढच पुरतो, अंशांची गरज पडत नाही. तरीही अंश हवेच असतील तर चढाला ५७.३ नं गुणायचं आणि अंतरानं भागायचं. ६.८ गुणिले ५७.३ भागिले २४९, उत्तर दीड अंशाच्या किंचित वर. कोन लहान असल्यामुळं ही साधी रीत इथं चालते.

लेस पॉलसारखी फुगीर बॉडी असेल तर ब्रिज आधीच उंचवट्यावर बसलेला असतो. त्या उंचवट्याची उंची ब्रिजच्या उंचीत मिळवून मग हाच हिशेब करायचा. तिथं कोन चार-पाचपर्यंत का जातो ते आपोआप दिसेल.

एक अंश म्हणजे किती, हे डोळ्यासमोर आणणं महत्त्वाचं. २४९ मिलिमीटर अंतरावर एक अंश म्हणजे ४.३ मिलिमीटर, सुतारी भाषेत सव्वा-दीड सूत. वरच्या उदाहरणात कोन एक अंश कमी पडला तर सॅडल १७ ऐवजी १२.६ वर आणावा लागेल. पण ब्रिज १५ च्या खाली जातच नाही. परिणाम, बाराव्या फ्रेटवर तारा १.८ ऐवजी तीन मिलिमीटर वर. नवशिक्याची बोटं पहिल्या दिवशी हार मानतील. एक अंश जास्त झाला तर सॅडल २१.३ वर हवा आणि ब्रिज २० लाच संपतो. मग तारा बाराव्या फ्रेटवर एक मिलिमीटरच्या जेमतेम वर राहतात आणि जोरात छेडलं की फ्रेटला आपटतात.

अर्ध्या अंशाची चूक बहुतेक ब्रिज पोटात घालतो. अख्ख्या अंशाची घालत नाही.

याच कारणानं फोनमधल्या लेव्हल ॲपवर हा कोन मोजू नये. आजकालच्या फोनच्या पाठीवर कॅमेऱ्याचा उंचवटा असतो, फोन सपाट टेकतच नाही, आणि आकडा भलताच येतो. फोनचा कॅल्क्युलेटर मात्र जरूर वापरावा.

चित्र एकास एक काढा

आकडे बरोबर आले तरी चित्र काढल्याशिवाय करवत हातात घ्यायची नाही. मीटरभर लांबीचा प्लायचा तुकडा किंवा जुन्या फ्रिजच्या खोक्याचा पुठ्ठा घ्यायचा. त्यावर गिटार बाजूनं जशी दिसेल तशी, खऱ्या मापात काढायची. छोट्या मापातलं चित्र इथं निरुपयोगी आहे.

आधी बॉडीच्या पृष्ठभागाची सरळ रेघ. तिच्यावर मान मिळण्याची जागा आणि ब्रिजची जागा. ब्रिजपाशी १४ मिलिमीटर वर खूण, मानेपाशी ७.२ वर खूण. दोन्ही खुणांतून जाणारी रेघ डोक्यापर्यंत मागं वाढवली की ती फ्रेटच्या माथ्यांची रेघ झाली. मग नटपासून सॅडलपर्यंत शिवणाचा दोरा ताणून टाचण्यांनी बसवायचा, ती तार. दोरा बाराव्या फ्रेटपाशी किती वर जातो ते कॅलिपरनं मोजायचं. १.८ च्या आसपास आलं तर हिशेब बरोबर.

चित्रात आणखी एक गोष्ट लगेच दिसते. कललेल्या मानेचा फ्रेटबोर्ड बॉडीवर जसजसा पुढं सरकतो तसतसा तो बॉडीपासून उचलला जातो. बावीस फ्रेटच्या पट्टीचं शेवटचं टोक आपल्या उदाहरणात दोन मिलिमीटर अधांतरी राहतं. ती फट नेकच्या बुडाच्या लाकडानं भरून येईल अशी तजवीज आधीच ठेवावी लागते. पिकअपही तारांच्या चढाबरोबर थोडे कलते बसवावे लागतात. लेस पॉलच्या पिकअपभोवतीच्या प्लास्टिकच्या चौकटी एका बाजूला जाड आणि दुसऱ्या बाजूला पातळ असतात त्या यासाठीच.

खाच कापताना दिशा चुकते

कोन दोन जागी देता येतो. एक तर नेकच्या बुडाला, नाहीतर बॉडीतल्या खाचेच्या तळाला. राऊटर असेल तर खाचेला देणं सोपं. राऊटरचा साचा दोन तिरक्या पट्ट्यांवर ठेवायचा. ३०० मिलिमीटर लांबीची पट्टी घेतली तर तिच्या दोन टोकांच्या जाडीत ८.२ मिलिमीटरचा फरक हवा. हे तेच ६.८ भागिले २४९ चं प्रमाण, ३०० ला लावलेलं. दोन्ही पट्ट्या एकत्र आवळून एकदमच रंधायच्या, नाहीतर एक पट्टी जास्त आणि एक कमी होऊन मान आडवीही कलते.

मोठा घोळ होतो तो दिशेत. मान मागं कलवायची तर खाचेचा तळ बॉडीच्या कडेला जास्त खोल आणि ब्रिजच्या बाजूला उथळ हवा. म्हणजे पट्ट्यांचं जाड टोक ब्रिजकडं. घाईत हे उलटं झालं की मान पुढं वाकते आणि ब्रिज शून्यावर आणला तरी काही उपयोग नसतो. पट्ट्यांवर मोठ्या अक्षरांत 'ब्रिजकडे' असं लिहून ठेवणं हा साधा इलाज आहे. आणि पहिली खाच खऱ्या फळीत नाही, फर्निचरच्या उरलेल्या एखाद्या ठोकळ्यात मारायची.

नेकचा जो खांदा बॉडीच्या कडेला टेकतो तोही तेवढाच तिरका कापावा लागतो. नाहीतर सांध्यात फट राहते आणि मग ती भुसा-डिंकानं बुजवत बसावं लागतं.

डिंक लावण्याआधी कोरडीच मान बसवून क्लॅम्पनं आवळायची. ॲल्युमिनियमचा सरळ सेक्शन फ्रेटच्या माथ्यांवर ठेवून ब्रिजच्या जागेपर्यंत पुढं काढायचा आणि तिथं बॉडीपासून त्याच्या बुडाची उंची मोजायची. आपल्या उदाहरणात ती १४ यायला हवी. फ्रेट ठोकायचे बाकी असतील तर फ्रेटची उंची वजा करून १२.८. एखाद्या मिलिमीटरचा फरक चालेल. दोनच्या पुढं गेला तर डिंकाची बाटली परत कपाटात.

स्क्रूच्या मानेला इथं सवलत आहे. खाचेत ब्रिजच्या बाजूला अर्ध्या मिलिमीटरची पाचर सरकवली तर ७५ मिलिमीटरच्या खाचेत मान एवढी कलते, की ब्रिजपाशी फ्रेटची रेघ दीड मिलिमीटरहून अधिक वर जाते. फेंडरच्या गिटारींत कागदी किंवा पातळ लाकडी पाचरी घालायची पद्धत जुनीच आहे. पुढं सत्तरच्या दशकात कंपनीनं काही गिटारींना मागून स्क्रू फिरवून मान कलवायची सोयही दिली. पाचर घालायचीच असेल तर टोकाला नुसता तुकडा कोंबण्यापेक्षा खाचेच्या पूर्ण लांबीची, एका बाजूला निमुळती होत जाणारी लाकडी पाचर करावी. मान सगळीकडं टेकते.

ट्रस रॉडनं कोन बदलत नाही

नेकच्या आत एक लोखंडी सळई असते, ट्रस रॉड. तारांच्या ओढीनं दांडीला धनुष्यासारखा बाक येतो, तो कमी-जास्त करायला ही सळई. तारा उंच दिसल्या की अनेक जण पाना घेऊन ही सळईच पिळत सुटतात. तिनं दांडीचा बाक बदलतो, दांडी बॉडीला ज्या कोनात बसली आहे तो कोन बदलत नाही. कोनाचा दोष सळईनं काढायला गेलं की दांडी उलटी वाकते, सुरुवातीचे फ्रेट खरखरतात आणि सळई तुटली तर अख्खी मानच जाते.

तसंच डोक्याच्या कलाचं. लेस पॉलचं डोकं मानेपासून मागं १७ अंशांत वळलेलं असतं असं कुठं वाचून काही जण तोच नेक अँगल समजतात. तो वेगळा कोन आहे. त्याचं काम तारा नटच्या खाचेत घट्ट दाबून धरण्याचं, ॲक्शनशी त्याचा संबंध नाही.

जुनी गिटार घेताना हेच तपासा

गिटार बनवायची नाही, ऑर्केस्ट्रासाठी किंवा बेंजो पार्टीतल्या पोरासाठी सेकंडहँड घ्यायची आहे, त्यांनाही हे माप उपयोगी पडतं. रंग-रूप बघण्याआधी ब्रिजकडं बघायचं. ब्रिज तळाला टेकलेला आहे का? टेकलेला असूनही बाराव्या फ्रेटवर तारा तीन मिलिमीटरच्या वर आहेत का? एका डोळ्यानं दांडीच्या कडेवरून बघितल्यावर दांडी तर जवळजवळ सरळ आहे? तसं असेल तर दोष कोनात आहे, आणि 'सेटिंग करून घ्या, होईल' या शब्दावर पैसे द्यायचे नाहीत.

मग मागची बाजू बघायची. मानेच्या मुळाशी चार किंवा तीन स्क्रू दिसले तर पाचर घालून काम भागतं, भाव थोडा पाडून घ्यायला हरकत नाही. स्क्रू नसतील, मान चिकटवलेली असेल, तर वाफेनं सांधा सोडवून मान काढायची आणि नव्या कोनात बसवायची हे काम जाणकार कारागिराचंच. स्वस्तातल्या गिटारला ते परवडत नाही. मुळाशी रंगाला बारीक तडा दिसला तर तारा सैल करून मान हलक्या हातानं मागं-पुढं करून बघायची. सांधा सुटत चालला असेल तर तिथंच कळतं.

दुकानात जाताना खिशात सहा इंची स्टीलची पट्टी असू द्यावी. ज्या पट्टीच्या मापाची सुरुवात अगदी टोकापासून होते तीच घ्यावी, म्हणजे फ्रेटवर उभी धरून तार किती वर आहे ते सरळ वाचता येतं.